प्रनोममावशीचं सुईवालं यंत्र

बँकॉकजवळच्या बांगसेनच्या किनाऱ्यावर कुणालाही विचारा. छत्रीवाली प्रनोम विहाराच्या अंगणात मेटल डिटेक्टर फिरवते आणि लोकांनी वाळूच्या स्तूपांत पुरलेली पुण्याची नाणी उकरून खाते, असं तो सांगेल. सांगताना आवाज खाली जाईल, मान पुढे येईल आणि "खाते" या शब्दावर असा जोर पडेल, जणू ती नाणी तिने मिरचीच्या चटणीत बुडवून खाल्लीत.

प्रनोममावशीने विहारातून एकही नाणं नेलेलं नाही. तिने नेल्या त्या मेणबत्त्यांच्या पत्र्याच्या रिकाम्या वाट्या, पोतंभर. आणि ती तिथे गेली होती ती आपल्यावरचा चोरीचा डाग पुसायला. डाग पुसायला गेलेली बाई दुसरा डाग लावून घेऊन परत आली, असं नशीब आमच्या ओळीत फक्त तिचंच.

आमची ओळ म्हणजे खुर्च्या आणि छत्र्या भाड्याने देणाऱ्यांची ओळ. मावशीच्या छत्र्यांच्या शेजारी माझ्या आईची भाजलेल्या माकुळांची गाडी असते. मावशी काही आमच्या नात्यातली नव्हे, पण तिची हाक मला आईच्या हाकेआधी ऐकू येते. डोक्यावर टोपी, टोपीखाली तोंडभर फडकं, अंगात पुरुषाचा लांब बाह्यांचा शर्ट. उन्हापासून एवढं झाकून घेते की तिचे नुसते डोळेच दिसतात, आणि त्या फडक्यातून अशी हाक निघते की रस्त्यावरची चालती गाडी थांबावी. "याऽऽ बसाऽऽ, सावली गाऽऽर आहे!"

तिचा अभिमान म्हणजे तिची खुंटी. प्रत्येक छत्रीच्या दांड्याला तिने एक खुंटी ठोकली आहे. गिऱ्हाइकं पोहायला गेली की पिशव्या तिथे. "माझ्या खुंटीवरची पिशवी सामुक डोंगरावरच्या माकडालासुद्धा मिळायची नाही," असं ती प्रत्येकाला सांगायची. सांगायची म्हणते, कारण सोंगक्रानपासून, म्हणजे आमच्या नव्या वर्षाच्या सणापासून, तिने ते सांगणं बंद केलं.

सोंगक्रानच्या पहिल्या दिवशी सराबुरीहून रम्फाई नावाची बाई कुटुंबासकट आली आणि चौथ्या छत्रीखाली बसली. रस्त्यावर पाण्याची धुळवड चालली होती, गर्दीत कुणी गळ्यातलं ओढेल म्हणून बाईने सोन्याची साखळी काढून पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात टाकली. पिशवी खुंटीवर. मग सगळी मंडळी पाण्यात. पोरं मधूनमधून येऊन पिशवीतून टॉवेल ओढत होती, बिस्किटं ओढत होती, एकमेकांना ओढत होती. संध्याकाळी बाईने कप्प्यात हात घातला आणि किंकाळी फोडली.

"माझी साखळी! दोन बाटाची साखळी!"

आमच्याकडे पैसे बाटात मोजतात तसं सोनंही बाटातच तोलतात आणि दोन बाट म्हणजे अंगठ्याएवढी जाड नसली तरी सासूला दिसेल एवढी साखळी. मावशीने गुडघ्यांवर बसून वाळू चाळली. मी चाळली, आईने चाळली. तोवर भरती आली आणि बाईने चाळणाऱ्या मावशीचा फोटो काढला. फोटोत मावशीचं फडकं सुटलेलं, तोंड उघडं, एक डोळा मिटलेला. बाईने तो तिथल्या तिथे फोनवरून जगाला दाखवला आणि वर लिहिलं, "बांगसेनला या बाईच्या छत्रीखाली बसू नका."

जग बसलं नाही. दुसऱ्या दिवसापासून लोक मावशीच्या छत्र्या ओलांडून दम्रोंगकाकांकडे जायला लागले. दम्रोंगकाकांच्या छत्र्या आमच्या पलीकडे. ते नाकातून बोलतात आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात एकाच शब्दांनी करतात. "मी काही म्हणत नाही, पण खुंटी कुणाची होती?" "मी काही म्हणत नाही, पण पिशवीला पाय नसतात." काही न म्हणता त्या माणसाने आठवडाभरात पूर्ण किनाऱ्याला सगळं म्हणून दाखवलं.

"साखळी वाळूत आहे," मावशी म्हणाली. "वाळूतून काढीन आणि त्या बाईच्या हातावर ठेवीन. मग बघते कोण काय म्हणत नाही ते."

म्हणून यंत्र आलं.

यंत्र निवडायला ती मला घेऊन बँकॉकला बानमोच्या बाजारात गेली, कारण मी कुणाचीही हुबेहूब नक्कल करते, म्हणजे दुकानदार काय बोलतो ते घरी परत ऐकायला मिळेल. दुकानदार चुरूचुरू बोलणारा, हातात पंखा, पायात मोजे.

"काय शोधायचंय, मावशी?"

"सोनं."

"सगळ्यांनाच सोनं शोधायचंय. नाणी की दागिना?"

"साखळी. नाणी नकोत. नाण्यावर वाजलं तर मला सांगू नये त्याने."

"मग हे घ्या!" त्याने पिवळं यंत्र काढलं. दांड्याच्या टोकाला तव्यासारखी चकती, वर डबा, डब्यावर सुई. मावशीची अंगठी चकतीसमोर धरली, सुई डावीकडे झुकली. दहाचं नाणं धरलं, सुई उजवीकडे. खिळा धरला, यंत्र गप्प. "बघा! खिळ्याशी बोलत नाही. नाणं उजवीकडे, बारीक सोनं डावीकडे. शिकलेलं यंत्र आहे."

"डावीकडे सोनंच असतं?"

"सोनं... किंवा चांदीचा कागद, पत्रा, असलं हलकंफुलकं."

"म्हणजे साखळी आणि चॉकलेटचा कागद त्याला सारखाच?"

"मावशी, कागदावर वाजलं म्हणून उकरायचं सोडलंत तर साखळी पण सोडाल. एवढं लक्षात ठेवा."

मावशीने पिवळं घेतलं. दुसऱ्या दिवशी चौथ्या छत्रीखाली, ओल्या वाळूवर चालू केलं. सुई डावीकडे गेली, उजवीकडे गेली, थरथरली, आणि यंत्र किंचाळायला लागलं. कुईंऽऽ कुईं कुईं कुईंऽऽ. चकती उचलली की गप्प. टेकवली की कुईंऽऽ. लाट आली की जास्तच. आमच्या गाडीवरचं गिऱ्हाईक कानांवर हात ठेवून माकूळ चावत होतं. मावशीने भर दुपारी एका हाताने यंत्र आणि एका हाताने फोन धरून दुकानदाराला गाठलं.

"सगळीकडे वाजतंय!"

"वाळू ओली आहे का, मावशी?"

"समुद्र आहे, बाबा. ओला असतो तो."

"हां, मग मीठ वाजतंय. हे कोरड्या जागेचं यंत्र आहे."

"मी तुला बांगसेन सांगितलं होतं!"

"तुम्ही सोनं सांगितलं होतं."

पुन्हा बानमो. दुसरं यंत्र दाखवलं. हे पाण्यात चालतं म्हणे.

"सगळं?"

"तवा चालतो."

"आणि डबा?"

"डबा नको."

"म्हणजे लाट आली तर मी बुडायचं आणि डबा वर धरायचा?"

दुकानदाराने तेही आत ठेवलं आणि शेवटी काळं, जड, हेडफोनवालं यंत्र काढलं. हे मिठाला भीक घालत नाही, लाटेला घाबरत नाही, खोलवरचं ऐकतं.

"नाणं कुठलं, सोनं कुठलं, सांगतं?"

"ते नाही सांगत."

"खिळा?"

"खिळा पण नाही. हे फक्त 'आहे' म्हणतं, मावशी. काय आहे ते तुम्ही बघायचं."

मावशीने किंमत विचारली. मग बोटातली अंगठी काढून शेजारच्या गहाणवटीच्या दुकानात गेली. दुसरीचं सोनं शोधायला स्वतःचं सोनं गहाण ठेवणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली. पिवळं यंत्र दुकानदार परत घेईना. ते दम्रोंगकाकांनी घेतलं, मोबदल्यात एक जुनी छत्री दिली, तीसुद्धा भोक असलेली. "मी काही म्हणत नाही, पण यंत्रात दोष नव्हता," असं म्हणून ते वरच्या कोरड्या वाळूत सकाळ-संध्याकाळ फिरवायला लागले आणि रोज मूठभर नाणी दाखवायला लागले.

काळं यंत्र खरोखर मिठाला भीक घालत नव्हतं. पण बाकी सगळ्यांना घालत होतं. टुंऽ. बुच. टुंऽ. बुच. टुंऽ. खिळा. टुंऽ. बुच. मावशी ज्या जागेवर वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांना बिअर देत आली होती, त्या जागेने तिला त्या प्रत्येक बाटलीचं बुच परत केलं. मी तिच्या मागून चालत टुंऽ टुंऽ करायची आणि ती वळून फावडं उगारायची. "कुंग! तोंड बंद कर, नाहीतर तुलाच उकरीन!"

लाटांनी साखळी सरकली असेल म्हणून कडेच्या छत्रीपासून शोधत शोधत एक दिवस ती चौथ्या छत्रीखाली आली आणि थांबली. चकती पुढे, चकती मागे. काही नाही. हेडफोन काढून झटकला, परत घातला. काही नाही. चटईएवढ्या जागेत यंत्र मुकं.

"बिघडलं का?" मी विचारलं.

बाजूला सरकून तिने टेकवलं, टुंऽ. परत आत आणलं, गप्प.

"इथे माझी बुचं का नाहीत?" ती म्हणाली. आधी हळू, मग ओरडून. "या छत्रीखाली मी एवढ्या बाटल्या फोडल्या! माझी बुचं गेली कुठे?"

माकूळ उलटतापालटता आईने मान वर केली. "कुठे जातील? विहारात. सणाच्या शेवटच्या दिवशी स्तूपांसाठी बादल्या इथूनच नाही का भरल्या आपण? तूच म्हणालीस, माझी वाळू मऊ आहे, पुण्य माझ्या वाळूचं होऊ दे."

मावशी तिथेच फतकल मारून बसली. आमच्याकडे सोंगक्रानच्या शेवटाला विहारात वाळू नेतात. वर्षभर पायांना लागून विहाराची जेवढी वाळू बाहेर गेली, तेवढी परत करायची, तिचे स्तूप रचायचे, त्यांत नाणी पुरायची, वर पताका आणि मेणबत्त्या. बादल्या सगळ्यांनी वाहिल्या होत्या. पण चौथ्या छत्रीखालच्या बादल्या मावशीने कुणाला उचलू दिल्या नव्हत्या. त्या तिने स्वतः वाहिल्या, अनवाणी, हात जोडायला थांबत थांबत. चोरीचा आळ ज्या साखळीचा, ती साखळी तिने स्वतःच्या हाताने, मोठ्या भक्तिभावाने, गावासमोर मिरवत नेली होती. आणि जिथून उचलली होती त्या खड्ड्यात समुद्राने नवी वाळू भरून ठेवली होती, जी ती आता बोंबलत तपासत होती.

विहारातले स्तूप तोवर पावसाच्या एकदोन सरींनी बसले होते आणि मागच्या अंगणात एकच लांबट ढीग झाला होता. मावशीने थोरल्या भंतेंच्या समोर बसून, तीनदा डोकं टेकवून सगळं सांगितलं. भंते झाडाखाली बसून चहा पीत होते.

"त्या बाईने साखळी दान केली होती का?" त्यांनी विचारलं.

"नाही, भंते. ती शिव्या देत होती."

"मग ते दान नाही. नकळत पुण्य होत नाही. शोध. पण नाणी दिलेली आहेत, ती जिथल्या तिथे. आणि लवकर कर. नव्या सभागृहाच्या फरशीखाली भरावाला ही वाळू घेणार आहेत, गवंडी आलेत."

गवंडी आले होतेच. ढिगाच्या पलीकडच्या टोकाला ते घमेली भरत होते.

मावशीने काळं यंत्र लावलं. टुंऽ. दहाचं नाणं. हात जोडून परत पुरलं. टुंऽ. पाचाचं. हात जोडून परत पुरलं. टुंऽ. मघाचंच दहाचं, कारण परत पुरलेलं नाणंही 'आहे'च. पाचदहा हात जागेत ती तेच नाणं पुन्हा पुन्हा उकरत होती आणि पुन्हा पुन्हा त्याची माफी मागत होती. कुंपणाबाहेरून जाणाऱ्या लोकांना एवढंच दिसत होतं की प्रनोम विहारात नाणी उकरतेय. ती पुरतानाचं बघायला कुणी थांबलं नाही. वर सांगितलेली अफवा इथे जन्मली, आणि तिचं नाक दम्रोंगकाकांचं होतं.

मावशीने हेडफोन काढून वाळूत आपटला.

"ही वाळू कोरडी आहे," ती म्हणाली.

"हो."

"इथे मीठ वाजणार नाही."

"नाही."

"इथे नाणं उजवीकडे आणि साखळी डावीकडे दाखवणारं यंत्र पाहिजे."

मी तोंडावर हात दाबला. हसू इतकं आलं होतं की बोलायची सोयच नव्हती.

"ते पिवळं मी त्या नाकाड्याला भोकाच्या छत्रीवर दिलं!" मावशीने टोपी काढली, फेकली, उचलली, पुन्हा घातली. मग ती ओळीकडे चालत गेली, आणि मी आजवर पाहिलेलं तिचं सगळ्यात सावकाश चालणं ते होतं.

दम्रोंगकाका खुर्चीत पाय लांब करून बांबूत भाजलेला भात सोलून खात होते.

"काका, पिवळं यंत्र एका दिवसाला द्या."

"मी काही म्हणत नाही, पण विहारात न्यायचंय ना?"

"हो."

"मी काही म्हणत नाही, पण माझ्या यंत्राने पुण्याची नाणी निघाली तर पाप कुणाला? यंत्राला की मालकाला?"

"नाणी नकोतच मला! नाण्यांना टाळायलाच हवंय!"

"सगळे असंच म्हणतात."

"तुम्ही या की मग. उभे राहा माझ्या डोक्यावर. माझे खिसे बघा, फडकं झटका, चपला उलट्या करा. पण यंत्र द्या."

काकांना असं आमंत्रण कुणी कधी दिलं नसावं. भात गुंडाळून ते लगेच उठले आणि खुर्चीसुद्धा बरोबर घेतली.

ते ढिगाशेजारी खुर्ची टाकून बसले. पिवळ्या यंत्राची सुई उजवीकडे गेली की मावशी पुढे सरकायची, डावीकडे गेली की उकरायची. सुई डावीकडे. मेणबत्तीची पत्र्याची वाटी. सुई डावीकडे. वाटी. प्रत्येक स्तूपावर लोकांनी वाटीतल्या मेणबत्त्या लावल्या होत्या, मेण जळून गेलं होतं आणि त्या चिमुकल्या वाट्या त्या शिकलेल्या यंत्राच्या मते दोन बाटाच्या साखळ्या होत्या. कुईं. वाटी. कुईं. चपटी झालेली वाटी. कुईं. वाटीचा तुकडा. पोतं फुगत चाललं, ढीग कमी होत चालला, गवंडी जवळ येत चालले.

"वाट्या सोडा," मी म्हटलं. "जोरात वाजलं तरच उकरा."

"तो मोजेवाला काय म्हणाला होता? कागद सोडलास तर साखळी सोडशील." घामाने तिचं फडकं तोंडाला चिकटलं होतं. "बाकी सगळं खोटं बोलला मेला, पण ते खरं वाटतंय."

गवंड्याने फावडं टेकवलं. "मावशी, एवढा कोपरा राहिलाय. आम्हाला पण संध्याकाळी घरी जायचंय."

मावशी कोपऱ्यात गेली. सुई डावीकडे हलली, जेमतेम. आवाज इतका पातळ की डास गुणगुणला असं वाटावं.

"वाटी," मी म्हटलं.

"तुला काय माहीत?"

"बुटकी, चपटी, गुलाबी मेणाची वाटी. लावा पैज."

"हरलीस तर?"

"तुम्ही सांगाल ते करीन."

"तुझ्या आईसमोर म्हणालीस."

"आई इथे नाहीये."

"झाडाखाली भंते आहेत. त्यांच्यासमोर म्हणालीस." तिने हात घातला आणि वाटी काढली. बुटकी, चपटी. मी दोन्ही हात वर करून नाचणार, एवढ्यात तिने परत चकती फिरवली. सुई अजून डावीकडेच. ती खाली वाकली, बोटांनी वाळू बाजूला केली, आणि वाटीच्या खालून साखळीचं एक टोक वर आलं, मग दुसरं. फासा तुटलेला होता. तिने ती ओढून काढली नाही. दोन बोटांनी धरून काकांच्या तोंडासमोर नेली, इतकी जवळ की काकांना डोळे तिरके करावे लागले.

"बघा. हीच ना?"

काकांनी पाहिलं. भाताचा शेवटचा घास गिळला. खुर्ची मिटली. पहिल्यांदाच, मी शपथेवर सांगते, त्यांनी खरोखर काही म्हटलं नाही. यंत्र काखेत मारून चालू लागले.

निरोप मिळाल्यावर रम्फाईबाई पुढच्या रविवारी आली. साखळी हातात घेऊन तिने उन्हात धरली, कडी कडी तपासली.

"फासा कसा तुटला?"

"तुमच्या पोरांनी टॉवेल ओढताना तुटला असेल," मावशी म्हणाली.

"माझी पोरं असली नाहीत." पोरं त्याच वेळी आमच्या गाडीची चटणी एकमेकांवर उडवत होती.

"बरं. तो फोटो तेवढा काढून टाका. आणि साखळी सापडली असं लिहा."

"फोटो?" बाईने फोन बघितला. "पुष्कळ जणांनी पुढे पाठवलाय हो तो. मी काढून आता काय उपयोग?" आणि साखळी पिशवीच्या त्याच बाहेरच्या कप्प्यात टाकून ती दम्रोंगकाकांच्या छत्रीखाली जाऊन बसली, कारण तिथे वारा जास्त आहे म्हणे.

मावशी छत्रीच्या दांड्याला धरून उभी होती. खुंटीवर काही नव्हतं. बोटात अंगठी नव्हती. काका तिकडे बाईला खुर्ची उघडून देत होते, आणि नाकातून बोलत होते, हवा, भरती, खेकड्यांचा भाव, सगळ्यावर. साखळीवर अवाक्षर नाही. ओळीतले बाकीचे काकांकडे बघत होते, कारण आमच्या ओळीत गोष्ट खरी व्हायची तर ती त्या नाकातून यावी लागते.

"कुंग," मावशी म्हणाली, "इकडे ये. तू पैज हरली आहेस."

"वाटी निघाली होती की!"

"वाटीखाली काय निघालं?"

मी आईच्या गाडीमागे सरकायला लागले.

"आता ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. प्रत्येक छत्रीपाशी थांबायचं. आणि बोलायचं त्यांच्या आवाजात, तुझ्या नाही."

"काका मला ठार मारतील!"

"नाकातून. आणि सुरुवात नीट कर, मधलं काही गाळू नकोस."

आईने माकुळाची काडी माझ्या हातातून काढून घेतली. भंतेंसमोर शब्द दिला होता, त्याला इलाज नव्हता. मी पहिल्या छत्रीपाशी गेले, खांदे पाडले, मान पुढे केली, नाक वर ओढलं. तिसऱ्या छत्रीपर्यंत ओळीतलं हसू माझ्या पुढे पळत होतं आणि काका खुर्ची अर्धी उघडी टाकून उभे राहिले होते. त्यांच्या छत्रीपाशी पोहोचले तेव्हा रम्फाईबाई फोनवरून मान वर करून बघत होती. मी थांबले, आणि जे बाकी सगळ्यांना सांगितलं तेच, त्याच नाकातून, मोठ्याने सांगितलं:

"मी काही म्हणत नाही, पण साखळी प्रनोमने घेतली नव्हती."